छर्ऱ्याची बंदूक घेताना: वेग विसरा, नेम बघा

एअर रायफलच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो. सेकंदाला हजार फूट, बाराशे फूट. घेणारा तेवढाच वाचतो, घरी येतो, पंचवीस मीटरवर कागदी कप ठेवतो आणि दहांतले चार छर्रे भिंतीत घालतो. मग दोष हाताला दिला जातो, नाहीतर स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला. बहुतेक वेळा चूक खरेदीतच झालेली असते. स्वस्तातली आणि नेमाला पक्की बंदूक मिळते, पण ती ओळखायच्या खुणा खोक्यावर नसतात.

आधी कायदा, कारण आपल्याकडे निम्मी निवड तोच करून टाकतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ०.२२ ची नळी किंवा २० ज्यूलच्या वरचा जोर म्हटला की परवाना आला. त्यामुळे परदेशी व्हिडिओंत तासन्‌तास चालणारा '०.१७७ घ्यावी की ०.२२' हा वाद आपल्यासाठी निकालात निघालेला आहे. ०.१७७ घ्यायची. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो, ती द्यावी. पक्कं बिल घ्यावं आणि त्याची झेरॉक्स बंदुकीच्या कव्हरमध्येच ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकांना मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत परवाना न लागणारी बंदूकसुद्धा खांद्याला अडकवून रस्त्याने फिरणं अंगाशी येतं.

आता त्या २० ज्यूलचा हिशेब. छर्ऱ्याचं वजन किलोत, वेग मीटर प्रतिसेकंदात. वेगाचा वर्ग करून वजनाने गुणायचं आणि निम्मं करायचं. नेमबाजांत चालणारा मधल्या वजनाचा छर्रा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा. तो २४० मीटरने सुटला तर जवळपास १६ ज्यूल होतात, २७० ने सुटला तर २०. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत राहून नेहमीचा छर्रा २७० मीटरच्या, सुमारे ८८५ फुटांच्या पुढे जाऊच शकत नाही. मग बाराशे फूट येतात कुठून? पाच-साडेपाच ग्रेनचे हलके, शिसं नसलेले छर्रे घालून. बाराशे फूट म्हणजे ३६६ मीटर, आणि हा वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त आहे. छर्ऱ्याची कंबर बारीक आणि शेपूट पोकळ असते, त्यामुळे आवाजाच्या वेगाच्या आसपास तो डळमळतो आणि वाट सोडतो. खोक्यावरचा आकडा कदाचित खरा असेलही, पण मग पाच ग्रेनचा छर्राही २० ज्यूलच्या थोडा वर जातो. त्या आकड्यावर नेम मात्र लागत नाही.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे स्प्रिंगच्या बंदुकीत जोर जितका जास्त, तितकी ती नीट चालवणं अवघड. १८-१९ ज्यूलची बंदूक ताणायला १५-१६ किलोचा जोर लागतो. दुपारभरात शंभर छर्रे मारायचे तर साठाव्या छर्ऱ्याला हात थरथरायला लागतो. १० ते १४ ज्यूलची बंदूक कमी उसळते, कमी दमवते, आणि तीस मीटरपर्यंत डबे पाडायला पुरून उरते. दोन बंदुका सारख्याच किमतीच्या असतील तर माझं मत डोळे झाकून कमी जोराच्या बंदुकीला.

प्रकार तीन. साधी स्प्रिंगची, गॅस रॅमची (स्प्रिंगच्या जागी कोंडलेल्या गॅसची नळी) आणि टाकीत आधीच भरलेल्या दाबाच्या हवेची, म्हणजे पीसीपी. पीसीपीत उसळी जवळजवळ नसते. नवखाही पहिल्या दिवशी पंचवीस मीटरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पाच छर्रे बसवतो. पण तिच्यासोबत २०० बारचा हातपंप घ्यावा लागतो, पंपातली ओल सांभाळावी लागते, ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदलाव्या लागतात, आणि सगळं मिळून खर्च स्प्रिंगच्या बंदुकीच्या दुप्पट-तिप्पट होतो. टाकीत ऑक्सिजन कधीही भरायचा नाही आणि जोडाला साधं ग्रीस लावायचं नाही. दोन्हीत स्फोटाचा धोका आहे. गॅस रॅमची बंदूक ताणलेली राहिली तरी स्प्रिंगसारखी मऊ पडत नाही आणि तिच्यात पीळ पडल्याचा झणझणाट नसतो, पण रॅम गेला की अख्खा बदलावा लागतो. खिसा बघून घ्यायची असेल तर साधी स्प्रिंग, नळी दुमडून भरायची. तालुक्याच्या गावातला बरा मेकॅनिकही ती उघडून दुरुस्त करू शकतो.

देशी की परदेशी? जर्मन, स्पॅनिश बंदुका चांगल्या असतात, पण इथे येईपर्यंत त्यांची किंमत 'स्वस्तातली' या शब्दात बसत नाही आणि सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. देशी बंदुकांत गेल्या काही वर्षांत नळीचं काम बरंच सुधारलं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या प्रेसिहोल या एअर रायफल बनवणाऱ्या कंपनीचा मूळ धंदाच धातूत खोल, सरळ भोकं पाडणाऱ्या मशीनचा. अशी मशीन बनवणाऱ्याने नळ्या बनवाव्यात यात नवल नाही. तरी नाव बघून घेऊ नका. हातात येणारा एकेक नग तपासा.

तपासायचं काय? सगळ्यात आधी नळीचा सांधा. बंदूक बंद असताना नळी आडवी हलवून बघा. सुईच्या टोकाएवढीही हालचाल जाणवली तर तो नग परत. दर वेळी नळी वेगळ्या जागी बसणार असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून कापसाची काडी गोल फिरवा; कुठे धागा अडकला तर कडेला धातूचं कुसळ किंवा ओरखडा आहे, आणि छर्रा सुटताना तिथेच एका बाजूला ढकलला जातो. ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा मोकळा, मग स्पष्ट अडणारी भिंत, आणि किलो-सव्वा किलोच्या दाबाला स्वच्छ सुटणारा. दोन-अडीच किलोचा खरखरीत ट्रिगर चांगल्या नळीची माती करतो. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता मागच्या खाचेतून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, दिसली पाहिजे. चमकणाऱ्या हिरव्या-लाल ठिपक्यांची हौस नको. दहा मीटरवर तो ठिपका अख्खं लक्ष्य झाकतो. चौकोनी, काळी माशी बरी.

दुकानात बंदूक रिकामी उडवून दाखवत असतील तर थांबवा. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नसेल तर पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, आणि पिस्टन धाडकन पुढच्या भिंतीवर आदळतो. वॉशर फाटतो, स्प्रिंग वाकते. अशी दहा-वीसदा रिकामी उडवलेली 'डिस्प्ले'ची बंदूक सवलतीत मिळाली तरी ती महागच.

जुन्या घराच्या माळ्यावर डायना ३५ या जुन्या जर्मन एअर रायफलच्या घाटाची बंदूक सापडते, ती टाकून देऊ नका. तिचा वॉशर बहुधा चामड्याचा असतो. तो सुकला की जोर जातो. नळीच्या मागच्या हवेच्या भोकातून दोन थेंब तेल सोडून एक रात्र उभी ठेवली की चामडं फुगतं आणि बंदूक पुन्हा चालायला लागते. हा उपाय नव्या बंदुकीवर मात्र करायचा नाही. नव्या बंदुकीत सिंथेटिक वॉशर असतो. तिथे शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल सोडलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं. फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो, आणि मालक खूश होतो की काय जोर आहे! आत वॉशर जळत असतो. कारखान्यातल्या तेलामुळे पहिल्या पन्नासेक छर्ऱ्यांना थोडा धूर येतो, तेवढा चालतो. त्यानंतरही येत राहिला तर आत तेल जास्त आहे.

छर्रे हा खर्चाचा भाग आहे हे बरेच जण विसरतात. चांगल्या नळीत वाईट छर्रा घातला तर ती वाईटच बंदूक. स्वस्त डब्यातल्या छर्ऱ्यांची शेपटं चेपलेली असतात आणि वजनात दहा-दहा टक्के फरक निघतो. सोनाराचा छोटा काटा असेल तर वीस छर्रे तोलून बघा, लगेच कळेल. गोल डोक्याचा छर्रा पंधरा मीटरच्या पुढे सगळ्यात सरळ जातो. चपट्या डोक्याचा कागदावर सुबक गोल भोक पाडतो आणि दहा मीटरसाठी उत्तम, पण वीसच्या पुढे पसरतो. टोकदार छर्रा दिसायला भेदक. नेमाला बहुधा सगळ्यात वाईट, कारण टोक नेमकं मधोमध बसवणं कारखान्याला जमत नाही. सात ग्रेनचे हलके, ८.४ च्या आसपासचे मधले आणि एखादा जड, असे तीन-चार प्रकार आणा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या दोन बंदुकांचीही जमत नाही. प्रकार बदलला की आधी पंधरा-वीस छर्रे मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग दहा मीटरवर दहा-दहाचे दोन गट मारा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. टेकून मारलेला दहाचा गट १२-१५ मिमीत बसला तर स्वस्तातल्या स्प्रिंगच्या बंदुकीकडून याहून जास्त मागू नये. तीन छर्ऱ्यांच्या गटाचे फोटो कुणी दाखवले तर कौतुक करा, विश्वास ठेवू नका.

गट मारताना बंदूक आवळून धरायची नाही. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि मग पिस्टन थांबताच पुढे उसळते, आणि या सगळ्या गडबडीत छर्रा अजून नळीतच असतो. घट्ट धरली तर प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने धरली जाते, म्हणून छर्रेही वेगळीकडे जातात. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवून ट्रिगरच्या कडीच्या जरा पुढे बंदूक नुसती टेकवा, बोटं वळवू नका, खांद्यालाही हलकीच लावा. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवली की ती उडते. पिशवीवर हात आणि हातावर बंदूक. तळवा दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे करत प्रत्येक जागी पाच छर्रे मारून बघा. एका जागी गट अचानक आवळतो. त्या जागी दस्त्यावर टेपचा तुकडा लावा.

बरं मारणारी बंदूक एका सकाळी अचानक विखरायला लागली तर आधी स्क्रू बघा. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगरच्या कडीत एक-दोन असतात. उसळीने ते सैल होतात. दर दोनशे छर्ऱ्यांना पिळून बघा, किंवा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा डिंक, लावा. लाल नको, पुन्हा निघायचा नाही. दहांतल्या सात तक्रारी इथेच मिटतात. मग स्कोपचे माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरणाऱ्या रिंगा, मग नळीच्या सांध्याचा रबरी वॉशर. त्यावर टिश्यूची पट्टी धरून छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा गळते आहे.

स्कोप घ्यायचाच असेल तर 'एअरगनसाठी' असं स्पष्ट लिहिलेला. मोठ्या रायफलीचा स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो. स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढचा धक्का त्याच्या आतली काच ढिली करतो. दहा मीटरपर्यंत फोकस येणारा, चार पटीचा किंवा ३-९ चा पुरे. माउंटला खाली खिळा असावा आणि तो बंदुकीवरच्या भोकात बसावा, नाहीतर स्कोप हळूहळू मागे सरकतो. दुमडणाऱ्या नळीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती बहुधा किंचित खाली झुकलेली असते. स्कोपचा वरचा स्क्रू संपतो तरी छर्रे खालीच. अशा वेळी कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली घाला. पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो. दोन रिंगांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर एका पट्टीने पंचवीस मीटरवर छर्रा अडीच सेंटिमीटर वर येतो. दोनहून जास्त पट्ट्या घातल्या तर स्कोपची नळी वाकते, मग तिरकं माउंटच आणावं. स्कोपचा स्क्रू एका क्लिकला कोनाच्या पाव मिनिटाने सरकणारा असेल तर एक क्लिक छर्रा दहा मीटरवर जेमतेम ०.७ मिमी हलवतो, म्हणजे दोन सेंटिमीटर सरकायला २७-२८ क्लिक लागतात. 'क्लिक करून काही होतच नाही' म्हणणारे पाच-सहावर थांबलेले असतात.

पैशाची वाटणी कशी करावी? वीस हजारांची तयारी असेल तर बारा-तेरा बंदुकीला, तीन-चार स्कोपला, उरलेले छर्रे, माउंट आणि छर्रे अडवणाऱ्या पेटीला. सगळे पैसे बंदुकीत घालून शेवटी पावसात भिजलेला छर्ऱ्यांचा डबा आणणारे पुष्कळ. हातात दहाच असतील तर स्कोप सोडा. उघड्या माशीवर शिकलेला हात पुढे कामाला येतो.

छर्रे अडवायची पेटी घरी होते. ३० बाय ३० सेंटिमीटरचं, वीतभर खोल लाकडी खोकं, पाठीला चार मिमीचा लोखंडी पत्रा, आत गच्च दाबून भरलेली रद्दी आणि जुन्या चिंध्या. रद्दीचा मधला भाग चाळण झाला की बदलायचा. नुसता पत्रा, नुसती फळी किंवा दगडी भिंत नको. छर्रा उलटा येतो. स्टीलच्या गोळ्या तर हमखास येतात, आणि त्या नळीचे आटेही खातात. रिकामे डबे, बिस्किटं, खडू, कांद्याच्या साली, काहीही उडवा, काचेची बाटली सोडून. डोळ्यांना चष्मा. वर आकाशाकडे कधीच नाही, ०.१७७ चा छर्रा तीनशे मीटरच्या पल्याड जाऊ शकतो आणि शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडतोच असं नाही. नळी दुमडून छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवा. खटका सुटला तर ती चाकूसारखी मिटते आणि बोट मध्ये असतं. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बंदूक कव्हरमध्ये ठेवली की पंधरा दिवसांत नळीवर तांबूस पुरळ उठतं. कव्हर घाम धरून ठेवतं. हाताळून झाली की तेलाच्या फडक्याने पुसायची आणि मोकळ्या हवेत, कपाटात सिलिका जेलसोबत उभी ठेवायची. ताणून ठेवायची नाही. नळी आतून साफ करायला गवत कापायच्या मशीनचा नायलॉन दोरा आणि कापडाचा तुकडा पुरतो; मागून पुढे ओढायचा. नव्या नळीत सहा-आठ तुकडे काळे निघतील. पुढे गट पसरला तरच साफ करा.

आता उपद्रवी जनावरांचं. इथे गैरसमज फार आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या जुन्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर-घुशी यांना 'उपद्रवी' म्हटलं होतं, आणि अजूनही लोक तीच यादी सांगतात. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पोपट, मोर, साळुंकी, खार, वानर, रानडुक्कर यांच्यावर छर्रा चालवणं गुन्हा आहे. रानडुकराला तर तो नुसता जखमी करेल आणि जनावर कुजून मरेल. ज्वारीवरच्या पाखरांना गोफण आणि पत्र्याचा डबाच बरा. एअर रायफलच्या वाट्याला उरतात ते गोदामातले, गोठ्यातले उंदीर आणि घुशी.

त्यासाठी पल्ला दहा मीटर, फार तर पंधरा. छर्रा पोचताना ८ ज्यूल उरले तरी पुष्कळ, पण तो डोक्यात बसला पाहिजे, आणि घुशीच्या डोक्यावर तुमचं लक्ष्य म्हणजे दोन सेंटिमीटरचा गोल. जो त्या गोलात दहांपैकी दहा छर्रे बसवू शकत नाही त्याने पिंजरा लावावा. जवळच्या अंतरावर स्कोप फसवतो, हे ध्यानात ठेवा. स्कोप नळीच्या चार सेंटिमीटर वर बसलेला असेल, छर्रा २४० मीटरचा आणि नेम पंचवीस मीटरवर जुळवलेला असेल तर पंधरा ते पंचवीस मीटर छर्रा जवळपास बरोबर बसतो. दहा मीटरवर मात्र तो साधारण एक सेंटिमीटर खाली जातो, पाच मीटरवर दोन सेंटिमीटरहून जास्त. मानेवर नेम धरून मारलेला छर्रा पोटाखालून जातो तो असा. गोदामासाठी नेम दहा मीटरवर जुळवा, आणि पाच व सात मीटरवर कागदावर मारून किती वर धरायचं ते दस्त्यावर लिहून ठेवा.

उंदराला लाल उजेड फारसा दिसत नाही, म्हणून लाल काचेची विजेरी. रोज एकाच जागी, भक्कम भिंतीपासून हातभर पुढे, शेंगदाण्याचा कूट चिकटवलेली फळी ठेवा. जनावर चाटत थांबतं, पळता पळता मारावं लागत नाही. फळीमागे भरलेलं पोतं किंवा रद्दीची पेटी हवीच. सिमेंटच्या भिंतीवरून छर्रा कुठेही जातो, आणि गोदामात पाण्याची प्लॅस्टिकची टाकी, वायर, माणूस असं काहीतरी असतंच. शिसं सांडलं तर ते धान्यात जाऊ देऊ नका. ज्या गोदामात विषाच्या गोळ्या टाकल्या आहेत तिथे बंदूक घेऊन बसण्यात अर्थ नाही; उंदीर आमिषाकडे नीट येतच नाहीत.

रात्रभरात पाच-सहा पडले तरी गोदाम रिकामं होत नाही. पिल्लं बिळात असतात आणि नवे बाहेरून येतात. अर्धा इंच फट उंदराला पुरते, म्हणून दाराखाली पत्र्याची पट्टी, पाइपाच्या भोवती जाळी, आणि घुशीच्या बिळात फुटक्या काचा घालून वर सिमेंट. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तेव्हा रबरी हातमोजे घाला, हातभर खड्डा खणून पुरा, आणि जमीन ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन काढा.